पायलीभर तांदूळ आणि मकावचा खंड

गेल्या पावसाळ्यात आमच्या इतिहासाच्या सरांनी सेमिनारसाठी विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा मला मनापासून वाटत होते की आपल्या वाट्याला कान्होजी आंग्रे यावेत. आम्ही अलिबाग तालुक्याचे. आंग्रे म्हटले की निम्मा निबंध न वाचताच लिहून होतो. पण माझ्या चिठ्ठीत निघाले, 'पोर्तुगाल आणि चीन यांचे संबंध.' वर्गात हशा पिकला. मी सरांना म्हटले, "सर, या दोन देशांचा माझ्याशी काय संबंध?" सर म्हणाले, "तुमच्या घरामागे रेवदंड्याचा पोर्तुगीज तट आहे आणि घरात लोणच्याची चिनी मातीची बरणी असेलच. झाला की संबंध!"

सरांनी विनोद केला आणि ते पुढच्या चिठ्ठीकडे वळले. मला मात्र त्या विषयाने पुढे चार महिने झोप लागू दिली नाही. त्याचे कारण पोर्तुगालही नव्हते आणि चीनही नव्हते. कारण आमच्या घराखालची जागा होती. ते सगळे इथे लिहावे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. अंकाच्या संपादकांनी "काहीतरी वैयक्तिक लिही" म्हटले म्हणून लिहिते आहे.

प्रथम आमच्या घराविषयी. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. माझा आजा दुसरी शिकला आहे. ('आजोबा' हा शब्द मी शाळेत शिकले. घरी तो आजाच.) आता तो ८५ च्या घरात आहे. त्याचा बाप, म्हणजे माझा पणजा, वाड्यावरच्या मालकांचे कूळ होता. भात पिकवायचे, खंड घालायचा आणि उरेल ते खायचे. आमच्याच तालुक्यात चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून खोतांविरुद्ध संप केला. पुढे कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ मालक मानले गेले. आम्हांला दीड एकर भातजमीन मिळाली. फुकट नव्हे, सरकारने ठरवलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरून. ते सर्टिफिकेट आजही आज्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीत आहे.

पण घर? घर भाताच्या शेतात नव्हते. ते होते वाड्यावरच्यांच्या नारळीच्या वाडीत, कोपऱ्यात. पणज्याला ते तिथे बांधू दिले होते, राखणीसाठी. कायद्याने शेत आमचे झाले, पण घराखालची जागा सातबाऱ्यावर त्यांच्याच नावाने राहिली. आणि म्हणून आजा दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला नव्या तांदळाची एक पायली आणि दोन असोले नारळ घेऊन वाड्यावर जातो. त्याच्या आधी त्याचा बाप जात होता. याला नाव काही नाही. 'वाड्यावरचे' एवढेच आम्ही म्हणतो, "वाड्यावरचे पोचले काय?"

आता मकाव.

पोर्तुगीज चीनच्या किनाऱ्याला लागले ते १५१३ साली. जोर्ज आल्वारिश नावाचा माणूस मोती नदीच्या मुखाशी उतरला. त्याआधी दोनच वर्षे, १५११ मध्ये, त्यांनी मलाक्का जिंकले होते, आणि मलाक्काचा सुलतान हा चीनच्या सम्राटाला नजराणा पाठवणारा. म्हणजे ओळख होण्याआधीच ओळखीच्या माणसाचे घर फोडलेले! १५१७ साली तोमे पिरिश नावाचा वकील कँटनला पोचला. (वकील म्हणजे जुन्या अर्थाने, राजदूत.) हा गृहस्थ मूळचा औषधविक्या. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर औषधी जिनसांचा कारभार पाहत होता. त्याने पूर्वेकडच्या देशांवर 'सुमा ओरिएंताल' हा ग्रंथ लिहिला. कँटनसमोर येताच पोर्तुगीज जहाजांनी रिवाजाप्रमाणे सलामीच्या तोफा झाडल्या. चिन्यांना तो उर्मटपणा वाटला. एकाच्या घरचा नमस्कार तो दुसऱ्याच्या घरचा अपमान, याची गावात रोज उदाहरणे दिसतात; पण इथे त्याची किंमत जबर पडली. त्यात मागाहून आलेल्या सिमाँव दे आंद्राद नावाच्या कप्तानाने परक्याच्या किनाऱ्यावर तटबंदी उभारली, फाशीचा खांब रोवला आणि मुले विकत घेतली. ही माणसे मुले खातात अशी वदंता चीनमध्ये पसरली, आणि ती तिथल्या बखरींत नोंदली गेली.

पिरिश बीजिंगला पोचला खरा, पण १५२१ साली सम्राट वारला, आणि तिकडून मलाक्काच्या सुलतानाची तक्रारही पोचली होती. वकिलातीला कँटनला परत पाठवले आणि तुरुंगात टाकले. समुद्रावर १५२१ आणि १५२२ मध्ये चिनी आरमाराने पोर्तुगीजांना पिटाळले. कँटनच्या तुरुंगातून दोघा कैद्यांनी लिहिलेली पत्रे आज इतिहासाची साधने आहेत. ग्रंथालयात बसून मी हे वाचत होते, तेव्हा मला त्या औषधविक्याची दया आली. चूक कप्तानांची आणि तुरुंग त्याला.

याच १५२१ साली आमच्या रेवदंड्यास निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. म्हणजे तेच लोक, तेच वर्ष. इथे किल्ला आणि तिथे कैद. मला वाटते, यातच पुढच्या चारशे वर्षांचा फरक आहे. आमच्या किनाऱ्यावरचे सुलतान आपसांत भांडणारे होते, त्यांना समुद्रावरचा दोस्त हवा होता. मिंग चीन एकसंध आणि प्रचंड होता. त्याला कुणाची गरज नव्हती. निदान तसे तो समजत होता.

गरज होती, ती चांदीची. चीनचा कारभार, सारा, सगळे हळूहळू चांदीवर चालू लागले होते. चांदी होती जपानात, पण चाच्यांच्या उपद्रवामुळे मिंग सरकारने जपानशी व्यापारच बंद केला होता. जपानला रेशीम हवे, चीनला चांदी हवी आणि दोघांनी एकमेकांचे तोंड बघायचे नाही! अशा वेळी मधल्या माणसाचे फावते. आमच्याकडे दोन भावांचे बोलणे बंद झाले की तिसऱ्याच्या हाती निरोप द्यावा लागतो, आणि तो तिसरा दोन्ही घरी चहा पितो. पोर्तुगीजांनी तेच केले. तीस वर्षे ते किनाऱ्याकिनाऱ्याने चोरटा व्यापार करत राहिले. १५५४ साली लिओनेल दे सोझा नावाच्या कप्तानाने कँटनच्या किनारारक्षक अधिकाऱ्याशी बोलणी करून रीतसर जकात भरण्याचे कबूल केले; आणि १५५७ च्या सुमारास मोती नदीच्या मुखापाशी, सुमारे तीन चौरस किलोमीटरच्या एका चिंचोळ्या भूशिरावर, त्यांना वस्ती करू दिली गेली. तेच मकाव.

ही जागा जिंकलेली नव्हती आणि विकत घेतलेलीही नव्हती. राहू दिले होते, वाडीतल्या कोपऱ्यासारखे. इथे मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

पुढे जो किस्सा वाचला त्याने तर मी ग्रंथालयातच मोठ्याने हसले आणि ग्रंथपालबाईंचे डोळे मोठे झाले. पोर्तुगीज दर वर्षी त्या किनारारक्षक अधिकाऱ्याला ५०० ताएल चांदी देत. ताएल म्हणजे चिनी वजन. ५०० ताएल म्हणजे आजच्या मापाने अठरा-एकोणीस किलो. ही सरळसरळ लाच होती आणि ती त्याच्या खिशात जात होती. १५७० नंतरच्या एक-दोन वर्षांत असे झाले म्हणतात, की चांदी देताना इतरही चिनी अधिकारी तिथे हजर होते. पोर्तुगीजांचा दुभाषा बोलून गेला, की हा मकावच्या जागेचा खंड आहे. आता तो अधिकारी काय करणार? चारचौघांत चांदी हातात. त्याने चटकन म्हटले, होय, खंडच, आणि हा सरकारी खजिन्यात जमा व्हायचा आहे. तेव्हापासून ती लाच खंड झाली, आणि मिंग गेले, मांचू आले, तरी खजिन्यात जमा होत राहिली. एका शब्दाने! दुभाष्याने मुद्दाम केले की त्याची जीभ घसरली, हा प्रश्न मला फार आवडला आणि सेमिनारमध्ये मी त्यावर पाच मिनिटे घेतली. सरांनी दोनदा घड्याळ पाहिले.

खंड भरणे म्हणजे मालक दुसरा आहे हे दर साल कबूल करणे. मकावात पोर्तुगीजांचे चर्च होते, १५८३ पासून नगरसभा होती, कायदा होता, तोफा होत्या. पण खंड जात होता. १५७४ साली चिन्यांनी भूशिराच्या मानेवर आडवी भिंत घालून तिला दरवाजा ठेवला. तो ठराविक दिवशी उघडे, त्यातून धान्य, भाजी, मांस येई. दरवाजा बंद ठेवला की मकावची चूल थंड. किल्ल्यावर कितीही तोफा असोत, तांदूळ शेजारच्याकडून येत असेल तर आवाज जपूनच काढावा लागतो.

याचा अर्थ पोर्तुगीज गरीब बिचारे होते असे मात्र नव्हे. वर्षातून दोनदा कँटनच्या बाजारात रेशीम घ्यायचे, ते नागासाकीला न्यायचे आणि चांदी भरून आणायची. या धंद्याने मकाव भरभराटले. आणि या साऱ्याची दोरी होती गोव्यात. जपानच्या सफरीचा कप्तान गोव्याच्या व्हाइसरॉयकडून नेमला जाई. उन्हाळ्याच्या शेवटी गोव्याहून जहाज सुटे, मलाक्का, मकाव, नागासाकी, आणि परत यायला दोन-तीन वर्षे लागत. १८४४ पर्यंत मकाव गोव्याच्या सरकारच्या हाताखाली होते. मात्तेओ रिची हा पुढे बीजिंगच्या दरबारी पोचलेला इटालियन पाद्री १५७८ मध्ये गोव्यास उतरला आणि तिथूनच १५८२ साली मकावला गेला. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया याच पाण्याने पूर्वेकडे गेला आणि १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मारला गेला. पुढे १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना दार बंद केले. मकावकरांनी विनवणी करायला १६४० साली जे शिष्टमंडळ पाठवले, त्यातल्या ६१ जणांची डोकी उडवली, आणि तेरा जणांना ही बातमी सांगायला परत धाडले. मकावचे वैभव तिथे ओसरले. वस्ती मात्र टिकली. खंडही.

शब्दांविषयी एक लिहायचे राहून जाईल, म्हणून मध्येच लिहिते. चिनी अधिकाऱ्याला इंग्रजीत 'मँडरिन' म्हणतात, तो शब्द चिनी नाही. आपल्या 'मंत्री'चे मलायी भाषेत 'मेंतेरी' झाले, ते पोर्तुगीजांनी उचलले आणि चीनला नेऊन चिकटवले. आणि पश्चिम युरोपात बहुतेक सगळे 'टी'च्या नात्याचे शब्द वापरतात, तेव्हा पोर्तुगीज मात्र आपल्यासारखे 'चा'कडे झुकतात. कारण त्यांनी तो मकाव-कँटनच्या बोलीतून घेतला. पगार, चावी, लिलाव हे आपले तीन शब्द त्यांचे. आमच्या घरी त्या दिवसांत हेच तीन शब्द फार ऐकू येत होते.

झाले असे होते, की वाड्यावरच्या नातवांनी वाडी विकायला काढली. मुंबईचे लोक अलिबागेकडे बंगले बांधतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या बाजूला नारळी तोडून कुंपणे पडली, निळ्या पाण्याचे हौद झाले. श्रावणात एक दलाल येऊन आमच्या घराचे चारी बाजूंनी फोटो काढून गेला. बाबा एस.टी.च्या कार्यशाळेत आहेत. त्यांनी रजा टाकली आणि वकिलाला गाठले. वकील म्हणाले, घर जुने आहे, कूळ म्हणून तुमचा हक्क सांगता येईल. पण हे दर वर्षीचे तांदूळ आधी बंद करा. देत राहिलात म्हणजे मालकी त्यांची, हे तुम्हीच दर साल कबूल करता.

बाबांनी त्या रात्री जेवताना सांगितले, "या पाडव्याला वाड्यावर काही जाणार नाही."

आजा काही बोलला नाही. हात धुऊन आल्यावर म्हणाला, "जागा त्यांची हाय का नाय?"

"कागदावर आहे."

"मंग?"

बाबा चिडले. चिडण्यासारखेच होते. बाबांना लहानपणी त्या वाड्याच्या मागच्या दाराने आत घेत, ओटीवर चढू देत नसत. ते ते विसरलेले नाहीत. आज्याला मात्र १९५७ नंतरची आठवण आहे. गावोगाव कुळांना धमकावून जबाब फिरवून घेत होते, तेव्हा वाड्यावरच्या त्या वेळच्या मालकांनी न्यायाधिकरणापुढे उभे राहून "हे माझे कूळ, हा कसतो" असे खरे सांगितले होते. आज्याची पायली त्या वाक्यापोटी आहे. निदान मला तसे वाटते. त्याने कधी असे फोडून सांगितलेले नाही.

आणि नेमके त्याच आठवड्यात मी १८४९ पाशी पोचले होते.

अफूचे युद्ध झाले, १८४२ साली इंग्रजांनी हाँगकाँग घेतले आणि पोर्तुगालला एकाएकी वाटू लागले, की आपण तीनशे वर्षे भाडेकरू म्हणून राहिलो हे लाजिरवाणे आहे. (अफूमध्ये मकावचे हात इंग्रजांइतकेच बुडालेले. इंग्रजांची जकात चुकवून माळव्याची अफू फिरत्या वाटेने दमणला येई आणि तिथून जहाजाने मकावला जाई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतले तेव्हा ती वाट बंद पडली.) १८४६ साली फेरैरा दो आमाराल हा गव्हर्नर आला. ब्राझीलच्या लढाईत उजवा हात गमावलेला, हट्टी, शूर माणूस. त्याने चिन्यांवर कर बसवले, १८४९ मध्ये चिनी जकातनाका उखडून टाकला, आणि खंड देणे बंद केले. पाचशे ताएल, बंद. तटाबाहेर रस्ते काढले, ते चिनी लोकांच्या पूर्वजांच्या कबरींवरून. २२ ऑगस्ट १८४९ रोजी संध्याकाळी तो घोड्यावरून परतत असताना सात जणांनी त्याला खाली ओढले आणि त्याचे डोके व उरलेला एकुलता हात तोडून नेला. त्यांचा म्होरक्या शेन झिलियांग नावाचा गावकरी होता. त्याच्या घरच्या कबरी त्या रस्त्यात गेल्या होत्या. चिनी सरकारने पुढे त्याला मारले, ते पोर्तुगीजांच्या समाधानासाठी. त्याच्या गावाने मात्र त्याला वीर मानले.

मी हे वाचले आणि मला आमचे बाबा दिसले. पण लगेच स्वतःचीच चीड आली. बाबा कुठे, आमाराल कुठे! आमच्या पणज्याने ती वाडी राखली, शिंपली. तो विळा घेऊन आला होता, हा माणूस तोफा घेऊन. कसणाऱ्याने खंड बंद करणे आणि बलदंडाने खंड बंद करणे, या दोन गोष्टी एका तागडीत घालता येत नाहीत. हे मला पटते. तरी आज्याचा "जागा त्यांची हाय का नाय?" हा प्रश्न तसाच राहतो. आणि खरे सांगायचे तर शेन झिलियांगच्या जागी कोण, हेही मला नीट ठरवता येईना. बंगल्यांसाठी उद्या आमच्याच वाडीतून रस्ता काढला तर आमच्या तुळशीवरून जाणार आहे.

पुढचा इतिहास मी भराभर वाचला, कारण मला शेवट काय होतो ते पाहायचे होते. १८८७ साली चीनने तहाने मान्य केले, की पोर्तुगालने मकावात कायमचे राहावे आणि कारभार करावा; अट एवढीच, की चीनच्या संमतीविना ते तिसऱ्याला द्यायचे नाही. बदल्यात अफूच्या करवसुलीत पोर्तुगालने मदत करायची. 'कायमचे' हा शब्द त्यात होता. मला वाटते, कागदावरच्या शब्दांत हा सर्वांत बेभरवशाचा असावा.

तिकडे लिस्बनला सालाझारची हुकूमशाही आली. गोव्याचे आपल्याला माहीत आहे. शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम असूनही १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासाल्लो इ सिल्वा शरण आला, आणि पोर्तुगालने हे मान्य करायला १९७४ च्या डिसेंबरची ३१ तारीख उजाडावी लागली. मकावात मात्र चीनने सैन्य पाठवले नाही. १९६६ साली ताइपा बेटावर एका शाळेच्या बांधकामाच्या परवान्यावरून तंटा झाला. (शाळेच्या बांधकामावरून! आमच्या ग्रामपंचायतीलाही हे समजेल.) पोलिसांनी माणसे झोडपली, ३ डिसेंबरला दंगल पेटली, आठ माणसे मेली. अखेर २९ जानेवारी १९६७ रोजी पोर्तुगीज गव्हर्नरने चिनी व्यापारी मंडळाच्या इमारतीत जाऊन, माओच्या तसबिरीखाली माफीनाम्यावर सही केली. त्यानंतर झेंडा पोर्तुगालचा आणि शब्द चीनचा.

गंमत पुढेच आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये क्रांती झाली, नवे सरकार सगळ्या वसाहती सोडायला निघाले. मकाव सोडायलाही तयार होते. पण चीनला ते तेव्हा नको होते. हाँगकाँगमधल्या लोकांची घाबरगुंडी उडेल, आणि तिथून येणारे परकीय चलन तुटेल ही भीती. म्हणजे भाडेकरू किल्ल्या द्यायला आला आहे आणि मालक म्हणतो आहे, जरा थांब! १९७९ च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांनी राजनैतिक संबंध जोडले तेव्हा एक समजूत झाली, की मकाव हा पोर्तुगीज कारभाराखालचा चिनी प्रदेश आहे. म्हणजे १८४९ पूर्वी जे होते तेच, फक्त खंडाशिवाय. १३ एप्रिल १९८७ ला करार झाला. आमारालचा मकावातला घोड्यावरचा पुतळा १९९२ साली चिन्यांच्या सांगण्यावरून काढून लिस्बनला पाठवला गेला. आणि १९९९ मध्ये पोर्तुगीज अंमलाचा शेवटचा दिवस उजाडला तो १९ डिसेंबर. गोवामुक्तीचीच तारीख! मध्यरात्री झेंडा उतरला आणि २० तारखेला मकाव चीनचे झाले. आज तिथे पोर्तुगीज ही चिनीबरोबर राजभाषा आहे, आणि २००३ पासून चीन पोर्तुगीज भाषिक देशांशी व्यापार वाढवण्यासाठी तिथेच व्यासपीठ चालवतो. २०११ साली चीनच्या सरकारी कंपनीने पोर्तुगालच्या वीज कंपनीतला सुमारे २१ टक्के हिस्सा विकत घेण्याचा सौदा केला. आता पोर्तुगालच्या घरातल्या दिव्यांचे पैसे थोडे थोडे चीनकडे जातात. याला मात्र कुणी खंड म्हणत नाही.

पाडवा आला. आज्याचे गुडघे भाद्रपदापासून धरले होते. सकाळी बाबा बाजारात गेल्यावर त्याने मला हाक मारली. टोपलीत पायली भरून ठेवलेली होती, वर दोन असोले नारळ, वरून धुतलेला पंचा.

"माझ्याच्यान जाववत नाय आता. तू जा, पोरी."

मी म्हटले, "बाबा नको म्हणालेत."

"त्याला मी बोलन."

मी टोपली उचलली. नाही म्हणायला हवे होते का? रस्ताभर मी तोच विचार करत होते. वाड्याच्या ओटीवर आजी खुर्चीत बसल्या होत्या. पुण्याहून आलेले नातू होते, आणि शेजारी एक गृहस्थ मोजणीचा नकाशा उलगडून बसला होता. मी टोपली ओटीच्या कडेला ठेवली.

"हे कशाचे?" नातवांनी विचारले.

आजी म्हणाल्या, "अरे, ते वाडीतल्या घराचे... दर पाडव्याला आणतात ते..." आणि त्या थांबल्या. शब्द शोधत होत्या. नकाशावाल्या माणसाने मान वर केली. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मला कँटनचा तो दुभाषा आठवला, आणि घशाला कोरड पडली.

"आज्याने दिवाळीचे पाठवले आहे," मी म्हटले.

"म्हणजे जागेचे भाडे ना?" नातू सहज म्हणाले. सहज म्हणाले की विचारून म्हणाले, कोण जाणे.

"भाडे असते तर पावती असती," मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या पटकन गेले, की माझे मलाच नवल वाटले. कुणी काही बोलले नाही. आजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

"कॉलेजात जातेस ना तू?"

"हो."

"कळले," त्या म्हणाल्या. मग हळूहळू उठल्या, नातवांना हात लावू न देता पायली स्वतः आत घेऊन गेल्या. आतून डबे वाजल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा पायलीत करंज्या होत्या. आमच्याकडे भांडे रिकामे परत द्यायचे नाही अशी रीत आहे.

घरी आल्यावर आज्याने विचारले, "घेतलं?"

"घेतलं."

"कोण होतं? काय बोलले?"

मी सगळे सांगितले. पावतीचे वाक्य तेवढे गाळले. ते मी संध्याकाळी बाबांना सांगितले. टोपली गेली म्हणून ते आधी भयंकर रागावले होते, पण ते वाक्य ऐकून मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बी.ए. ची फी वसूल झाली!" मला हसू आले नाही.

मोजणी अजून व्हायची आहे. वकिलांनी अर्ज केला आहे. सेमिनारात मला चांगले गुण मिळाले. दुभाष्यावर फार वेळ घालवला, असा शेरा मात्र आहे.

त्या दिवशी आज्याने करंज्या सगळ्यांना वाटल्या. बाबांनी एकही घेतली नाही. मी दोन खाल्ल्या.